दुपारचा उंचवटा

“सर, दुपारी घरी कोण असतं?” काउंटरपलीकडच्या मुलीने विचारलं. मी भांडायला गेलो होतो. वीज कंपनीच्या त्या ऑफिसात शिरताना डोक्यात भाषण तयार होतं. गणपतीत नवीन मीटर बसल्यापासून आमचं नऊशेच्या आतबाहेर येणारं बिल चार हजारांच्या वर गेलं होतं, तेही सलग दोन महिने. घरात माणसं किती, तर मी आणि माझी आई. दोन पंखे, दोन ट्यूबलाइट, एक म्हातारा फ्रिज, सकाळी दहा मिनिटं गीझर. याला चार हजार म्हणजे दिवसाढवळ्या दरोडा आहे, असं मी म्हणणार होतो आणि आवाज चढवून म्हणणार होतो, कारण आवाज चढवल्याशिवाय या लोकांना ऐकूच येत नाही असा माझा अनुभव आहे. पण ती मुलगी, शेफाली असं तिच्या गळ्यातल्या पट्ट्यावर लिहिलेलं होतं, माझ्यावर अजिबात चिडली नाही. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. नवीन मीटर तासातासाचा वापर कळवतं म्हणे. स्क्रीनवर एक निळी रेघ होती. सकाळी जराशी वर, मग खाली, आणि दुपारी एक ते चार सरळ डोंगरासारखा उंचवटा. रविवार सोडला तर रोज. “हा फॅनचा लोड नाहीये सर. गीझर, इस्त्री, इंडक्शन, असं काहीतरी हेवी चालू राहतंय. घरी कोणी सीनियर सिटिझन आहेत का? त्यांच्या लक्षात नाही राहत कधी कधी. माझी आजीपण तशीच आहे.” आणि ती हसली, अगदी आपुलकीने. ती उद्धटपणे बोलली असती तर मी तिथेच उभा राहून तिची खरडपट्टी काढली असती. आपुलकीपुढे मला काही सुचत नाही.

बाहेर आलो तेव्हा ऊन होतं आणि मला चिंचपोकळीपर्यंत चालत जायचं होतं, पण पाय उचलेनात. रविवार सोडून रोज, हे वाक्य डोक्यात बसलं होतं. रविवारी मी घरी असतो. म्हणजे मी नसताना घरात काहीतरी होत होतं. मी लोअर परळला एका औषधकंपनीत लेबलं तपासतो. गोळ्यांच्या पाकिटावरचा बॅच नंबर, तयार केल्याची तारीख, मुदत संपल्याची तारीख. चोवीस वर्षं हेच. तिथे कुणी शपथेवर सांगितलं की मी बरोबर छापलंय, तरी मी ऐकत नाही. छापलेलं काय आहे ते बघतो. माणसं थकतात, बोलता बोलता चुकतात, आकडा थकत नाही असं मीच नव्या पोरांना सांगत आलोय आणि ते ऐकून पोरं माझी मागे टिंगल करतात हेही मला ठाऊक आहे. तर आता माझ्यासमोर एक निळी रेघ होती आणि दुसऱ्या बाजूला आई. इतका साधा हिशेब मला रस्त्यात उभं राहून करवत नव्हता. रागाची एवढी तयारी करून गेलो होतो, तो सगळा राग जागच्या जागी होता, फक्त त्याचं तोंड फिरलं होतं, आणि ते कुणाकडे फिरलंय हे कळल्यावर मला धक्काच बसला.

आईला चाळीत सगळे मीराबाई म्हणतात. गिरण्या चालू होत्या तेव्हा ती आमच्या या एका खोलीत खानावळ चालवायची. तीन पाळ्यांचे गाववाले जेवून जायचे. त्यांत कुणाला माशांच्या आमटीत तिरफळ चालत नाही, कुणाचा सोमवार, कुणी गावाला जाणार म्हणून चार दिवस डबा नको, हे सगळं तिच्या डोक्यात असायचं. मी शाळेतून आलो की ती चुलीकडे तोंड करून उभी असायची आणि दारात कोण आलं ते पावलांवरून ओळखून, मागे न बघता, त्याचं ताट वाढायची. ‘गंगाधर, आज तुझो उपास नाय?’ असं तिने म्हटलं की तो बिचारा दारातच कपाळावर हात मारून घ्यायचा. मला त्या वयात वाटायचं की आईला पाठीला डोळे आहेत. गिरण्या गेल्या, गाववाले गेले, वडीलही गेले, आई मात्र तशीच राहिली. परवापरवापर्यंत माझ्या चुलत मावशीच्या नातवाचं बारसं कुठल्या वाराला होतं हे मला तीच सांगत होती. त्या संध्याकाळी मी घरात शिरलो आणि हे सगळं आठवत असूनही, आठवत असताना, मी चपला काढायच्या आधी भिंतीवरचे प्लग मोजले.

“काय शोधतंस?” आई म्हणाली. मी म्हटलं, “दुपारी तू काय लावतेस?” “काय म्हणजे?” “इस्त्री, गीझर, काहीही. एक ते चार.” ती हसली. “मी दुपारी निजतंय. एक पंखो चलता. इस्त्री तर तूच रविवारी काढतंस.” मी म्हटलं, नीट आठव. ती म्हणाली, आठवायचं काय त्यात, माका सगळा आठवता. इथे मी थांबायला हवं होतं. पण मी खिशातून मोबाइल काढला. निळ्या रेघेचा फोटो काढून आणला होता, तो मोठा करून तिच्यापुढे धरला. हा बघ सोमवार, हा मंगळवार, हा बघ परवाचा. ती चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली. तिला आलेख कळत नाही, पण उंच आणि सखल कळतं. “ह्या आपल्या घराचा?” तिने विचारलं. मी हो म्हटलं. “कंपनीची माणसा खोटा कित्याक सांगतली?” असं ती पुटपुटली. मला विचारलं की स्वतःला, कळलं नाही. जेवताना मी टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर ती दाराशीच बसली होती. “हितू,” ती म्हणाली, “होय रे. मीच लावत असतलंय. ध्यानात रवणा नाय आता.” मला आधी सुटल्यासारखं वाटलं, हे मी लपवत नाही. गोष्ट मिटली, आकडा जुळला. पण ते फार टिकलं नाही. माझी आई कधी हार मानत नाही. भाजीवाल्याने एका जुडीला दोनदा पैसे घेतले म्हणून ती भायखळ्याच्या मंडईपर्यंत त्याच्या मागे गेली होती. ती बाई खाली मान घालून, न केलेल्या किंवा केलेल्या, मला काय ठाऊक, गोष्टीची कबुली देत होती. मी विचारलं, काय लावतेस? तिने खोलीभर नजर फिरवली. इस्त्रीकडे बघितलं, मग मोरीतल्या गीझरकडे. “इस्त्री असात,” ती म्हणाली. तिने ते निवडून सांगितलं. मला ते दिसलं आणि मी बघितलं नाही असं केलं. परळला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला आजची तारीख विचारली. तिने तिथी सांगितली, तीही बरोबर, पण त्यांना तारीख हवी होती. शंभरातून सात वजा करत जा म्हणाले. एरवी तिने डॉक्टरांनाच गप्प केलं असतं. तिथे ती प्रत्येक उत्तराआधी माझ्या तोंडाकडे बघत होती. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहे, लक्ष ठेवा. लक्ष ठेवा म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही. मी ते आपल्या परीने ठेवू लागलो.

मग आईने स्वतःच एक उपाय काढला. दुपारचं जेवण झालं की ती स्टुलावर चढून मेन स्विच खाली ओढायची आणि खोलीला बाहेरून कडी घालून गॅलरीत जाऊन बसायची. चार वाजेपर्यंत घरात जायचंच नाही. म्हणजे लावायला काही उरणारच नाही आणि विसरायलाही. शेजारी प्रितम राहतो. त्याने खोलीत मंडळांचे टी-शर्ट छापायचं मशीन टाकलंय, कबड्डीच्या टीमचे, क्रिकेटच्या टुर्नामेंटचे. त्याच्या दारात एक मोडकी खुर्ची असते, तिच्यावर आई बसायची. आतून गरम वाफ यायची आणि ती पदराने वारा घेत प्रितमला म्हणायची, “माका घरात बसवणा नाय रे, माझा डोक्या फिरलाहा.” तो हसायचा. त्याला वाटायचं, मस्करी. फ्रिज बंद राहून दोनदा दूध नासलं. तिने त्याचंही खापर स्वतःवर फोडलं, झाकण उघडं राहिलं असणार म्हणून. संध्याकाळी मी आलो की ती मला दिवसाचा जाब द्यायची, मी न विचारता. सकाळी पाणी भरलं, मग भात टाकला, मग स्विच ओढला, मग बाहेर बसले. एखाद्या वेळी मधलं काही सुटायचं आणि ती घाबरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. जी कधी कुठल्या गाववाल्याच्या जेवणाचा खाडा विसरली नाही, ती आता आपण सकाळी आंघोळ केली का हे मला विचारत होती. मला तिची कीव यायची आणि त्या कीवेत थोडा वैतागही असायचा. मी म्हणायचो, असू दे गं, होतं असं. हे वाक्य मी शेफालीच्या आवाजात म्हणतोय असं मला एकदा वाटलं आणि जेवण जाईना.

पुढचं बिल आलं तेव्हा मी ते जिन्यातच उघडलं. चार हजारांच्या वर. मोबाइलवर कंपनीच्या ॲपमध्ये नवी निळी रेघ काढून बघितली. दुपारचा उंचवटा जसाच्या तसा. मला वाटलं, आता ही खोटं बोलते. स्विच ओढते म्हणते आणि ओढत नाही. किंवा ओढते आणि पुन्हा लावते आणि तेही विसरते. असं माझ्या मनात आलं, तिच्याबद्दल. नाताळच्या सुट्टीला मी घरी थांबलो. तिला काही बोललो नाही, पलंगावर पेपर धरून पडून राहिलो. जेवणं झाली. तिने भांडी घासली, हात पुसले, स्टूल ओढलं, वर चढली आणि दांडा दोन्ही हातांनी खाली ओढला. पंखा थांबला. फ्रिज एकदा हुंदका दिल्यासारखा हलला आणि बंद पडला. ती उतरली आणि माझ्याकडे न बघता गॅलरीत गेली. तिचा एकेक हात, एकेक पाय बरोबर जागेवर पडत होता. मी उठलो आणि तीन मजले उतरून खाली गेलो. जिन्याखाली लाकडी फळीवर सगळे मीटर आहेत. मी बिलावरचा आमचा नंबर शोधला. पंधरा. त्यावरचा, वीज किती ओढली जाते ते दाखवणारा लाल दिवा लुकलुकत होता. हळूहळू नव्हे, एखाद्याला धाप लागावी तसा. मी त्याच्याकडे बघत उभा राहिलो. वर माझ्या घरातली सगळी वीज बंद होती, ते मी माझ्या डोळ्यांनी बघून आलो होतो, आणि खाली माझ्या नावाचा दिवा धावत होता. आनंद वगैरे काही झाला नाही. ‘म्हणजे आईला आठवत होतं,’ एवढंच मी मोठ्याने म्हणालो. तिला सगळं आठवत होतं. तिने नाही म्हटलं तेव्हा ते नाहीच होतं. आणि मी तिला परळला नेऊन शंभरातून सात वजा करायला लावलं होतं.

मग मी भांडलो. तीन महिने साठवलेला आवाज त्या ऑफिसात काढला. मीटर टेस्टेड आहे म्हणाले, मी म्हटलं मीटर असेल, माझी आईपण टेस्टेड आहे. आधी बिल भरा, मग तक्रार घेऊ म्हणाले, मी म्हटलं आधी माणूस पाठवा, तोवर मी इथून हलत नाही, आणि बाकावर बसलो ते डबा तिथेच उघडून खाल्ला. शेफालीने दोनदा माझ्याकडे बघितलं, मग उठून आत गेली, आणि तासाभराने एक इंजिनीअर माझ्याबरोबर निघाला. त्याला शोधायला वेळ लागला नाही. एकेक खोलीचा स्विच पाडायचा आणि खाली कुठला दिवा थांबतो ते बघायचं. आमचा स्विच पाडला तर सोळाचा दिवा थांबला. प्रितमचा पाडला तर पंधराचा, म्हणजे आमचा. अख्खी रांग एक घर पुढे सरकली होती. प्रितम बाहेर आला, कपाळ पुसत. गणपतीत आम्ही सगळे कोकणात गेलो होतो, मजला कुलूपबंद होता, मंडळाच्या कामासाठी तो एकटाच राहिला होता. मीटर बदलणाऱ्याने सगळ्या वायरी एकदम सोडल्या आणि त्यालाच विचारलं, पंधरा कुठली? “मी बोललो, आमची. आमची पंधराच ना, हितूदादा? सगळे पंधराच बोलतात.” तो बरोबर होता. खूप वर्षांपूर्वी सावंत भावांनी तेरा नंबरच्या खोलीत भिंत घालून वाटण्या केल्या, तेव्हापासून चाळीत बोलताना पुढचे सगळे नंबर एकाने वाढले. कंपनीच्या दप्तरात मात्र धाकट्या सावंताची खोली तेरा-अ, प्रितमची चौदा आणि आमची पंधराच राहिली. शेवटी तेरा-अचा मीटर उरला, तो त्या माणसाने टोकाच्या खोलीला जोडून टाकला आणि निघून गेला. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण पंखा, ट्यूब, फ्रिज सगळ्यांकडे सारखंच. प्रितम म्हणाला, “आईशप्पथ दादा, माझं बिल एवढुसं यायला लागलं ना, मला वाटलं नवीन मीटर लकी आहे. मी तर सगळ्यांना सांगत होतो.” त्याला मारावंसं वाटलं आणि हसूही आलं. इंजिनीअर म्हणाला, करेक्शन होऊन जाईल, पुढच्या बिलात क्रेडिट मिळेल. मी विचारलं, आणि दुपारी घरी कोण असतं विचारलंत त्याचं? त्याला कळलं नाही. “आमच्याकडून कन्झम्प्शन करेक्टच होतं सर,” तो म्हणाला, “फक्त नाव चुकलं.”

वर आलो तर आईला सगळं समजलेलं होतं. गॅलरीत अर्धा मजला जमला होता आणि ती मधोमध उभी होती. प्रितम तिच्या पाया पडत होता आणि ती त्याला उठवून पाठीत धपाटे घालत होती. “मेल्या, मी तुझ्याच दारात बसान माझा डोक्या शोधी होतंय!” सगळे हसले. मीही हसलो. कित्येक दिवसांनी तिचा आवाज तिच्या मूळच्या जागेवर आला होता. घरात आल्यावर मी दार लावलं आणि म्हटलं, “आई, तुझं काही चुकलं नव्हतं. तू काही विसरत नव्हतीस. माझं चुकलं. मी त्या रेघेवर विश्वास ठेवला.” हे मी डोक्यात अनेकदा घोळवलं होतं. ती म्हणाली, “जाव दे रे, तू तरी काय करशीत, कागदावर होता मां.” आणि माझ्या गालावरून हात फिरवला. मला इतकं हलकं वाटलं की पलंगावर बसून मी बूट काढायचेही विसरलो. ती म्हणाली, च्या टाकतंय, आलं घालून. मी डोळे मिटले. पातेल्याचा आवाज, आलं ठेचल्याचा आवाज, मग उकळीचा. मला वाटलं, संपलं सगळं. जिंकलो. आता फेब्रुवारीत तिला गावाला नेऊ, आंगणेवाडीची जत्रा दाखवू, येताना तिच्या बहिणीकडे दोन दिवस राहू.

“हितू,” ओट्याकडून हाक आली. आवाज अगदी लहान होता. “जरा हय ये.” मी गेलो. ती ओट्यापासून एक पाऊल मागे उभी होती, गाळणी हातात धरून. चहा उतरवून ठेवलेला होता. “गॅस बंद केलंय मां रे मी?” मी बघितलं. शेगडीवर ज्योत नव्हती, बटण आडवं होतं, लांबूनसुद्धा दिसत होतं. “बंद आहे, आई.” “नीट बग.” “बघितलं. बंद आहे.” मला तिथेच थांबायचं होतं, हात मागे बांधून, आणि ते पुन्हा एकदा शांतपणे म्हणायचं होतं. पण माझा हात पुढे गेला. मी बटण चिमटीत धरलं आणि बंदच्या बाजूला पिळून बघितलं. ते जराही हललं नाही. मी मान वर केली. आई माझ्या हाताकडे बघत होती. मग तिने बाजूला सरून मला ओट्यापाशी जागा करून दिली आणि गाळणी माझ्या हातात ठेवली. “आता तूच गाळ,” ती म्हणाली.